बाटल्यांतला समुद्र आणि आमचं भजनी मंडळ

आमची सून समुद्रातल्या जिवाणूंवर पीएच.डी. करते असं मी चाळीत पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई! डॉक्टर होणार? मग माझा गुडघा दाखवीन हो तिला."

मी म्हटलं, "गुडघ्यात समुद्र शिरला असेल तर खुशाल दाखवा."

तेव्हापासून आमच्या मजल्यावर बायका माझ्याशी जरा जपूनच बोलतात. माझी जीभ तिखट आहे, कबूल. परळच्या म्युनिसिपल शाळेत मी पाचवी ते सातवीला विज्ञान आणि इंग्रजी शिकवण्यात उभा जन्म घालवला. खच्चून भरलेला वर्ग, त्यात मागच्या बाकावर टिवल्याबावल्या करणारी कार्टी. तिथे गोड बोलून कोणाचं भलं झालंय?

आम्ही मूळचे मालवणकडचे. सासरे गिरणीत होते, आमचे हे पोस्टातून रिटायर झाले. लालबागच्या चाळीत दोन खोल्या जोडून घेतलेलं घर. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि बाहेरच्या खोलीत बाकी सगळं जग. मुलगा कामासाठी महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतो. त्यामुळे घरात आम्ही दोघं आणि सून. ती नायगावच्या बीडीडी चाळीतली. तिच्या घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. बोलायला कमी, पण माशाचं डोकं असं निगुतीनं खाते की मी तिला पहिल्या जेवणातच पास केलं होतं. मला ती "आई" म्हणते आणि चिडली की "अहो आई".

तिचं काम काय, हे मी तिच्याकडून भाकऱ्या थापता थापता शिकले. आपण धूर करतो, गाड्या उडवतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला बराचसा समुद्र पिऊन टाकतो. आणि पाण्यात हा वायू विरघळला की सोड्याच्या बाटलीत होतं तेच होतं, पाणी आम्लाकडे सरकतं.

"म्हणजे समुद्र आंबट झाला?" मी विचारलं.

"आंबट नाही हो. समुद्राचं पाणी अजूनही अल्कलीच आहे. फक्त होतं तिथून खाली घसरतंय. आणि आत राहणाऱ्यांना ते घसरणं कळतं."

शिंपल्यांना कळतं, पोवळ्यांना कळतं, हे मी वाचलं होतं. शिंपल्याचं कवच चुन्याचं, आम्लात चुना टिकत नाही, हे तर मी स्वतः पोरांना शिकवलेलं. पण हिचं लक्ष डोळ्यांना न दिसणाऱ्यांवर. समुद्रात जे काही मरतं, मासा म्हणा, शेवाळ म्हणा, ते हे जिवाणू खातात. त्यांना तोंड नाही. म्हणून ते कात्रीसारखी रसायनं बाहेर सोडतात, अन्नाचे बाहेरच बारीक तुकडे करतात आणि मग ओढून घेतात. पाणी आम्लाकडे गेलं तर त्या कात्र्या जास्त जोरात चालतात का, हा हिचा प्रश्न. कारण जास्त खाल्लं की जास्त श्वास, आणि जिवाणू श्वास सोडतात तोही कार्बन डायऑक्साइडच. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! वर एक भानगड अशी की, आत घुसणारं आम्ल सतत बाहेर फेकत बसायला त्या जिवांची ताकद खर्च होते. मग खाल्लेलं अंगी लागतं की नाही, हेही बघायचं.

मला तर फार आवडलं. उगाच नाही मी तिची सासू झाले.

आता मूळ गोष्टीकडे येते. हिचं कॉलेज दक्षिण मुंबईत, लॅब जुन्या इमारतीत. दिवाळीनंतर त्या मजल्याची सगळी वायरिंग बदलायला काढली आणि दोन-तीन आठवडे वीजच बंद. हिच्या सहा बाटल्या तेव्हा अर्ध्या वाटेवर. ससून डॉकच्या बोटीतून खोल आत जाऊन आणलेलं पाणी, त्यात महिनोन्‌महिने पोसलेले जिवाणू. तीन बाटल्यांत आपली साधी हवा सोडायची, म्हणजे आजचा समुद्र. उरलेल्या तीन बाटल्यांत सिलेंडरमधली जास्त वायूची हवा, म्हणजे आपल्या पतवंडांचा समुद्र. दोन्हीकडचे जिवाणू कसे वागतात ते पडताळायचं. बाटल्या बंद पडल्या तर सगळं मुळापासून परत, आणि परत करायला वेळच उरला नव्हता. मुदतवाढ दोनदा मिळून गेली होती. तिसरी मिळणार नाही असं तिच्या सरांनी स्वच्छ सांगितलं होतं. एका औषध कंपनीतली नोकरी समोर होती, त्यांना महिनाभरात हो-नाही कळवायचं होतं. हा प्रयोग फसला तर नोकरी धरायची आणि पीएच.डी.वर पाणी सोडायचं, असं तिनं मनाशी ठरवलेलं. हे सगळं तिनं मला मोरीत भांडी विसळताना सांगितलं, पाठमोरी उभी राहून.

"मग घरी आण की बाटल्या," मी म्हटलं.

"घरी? आई, लॅब आहे का ही?"

"आजची हवाच सोडायची ना त्यात? आमच्याकडे काय परवाची हवा आहे?"

सरांना विचारलं. दुसऱ्या लॅबांत जागा नव्हतीच. जिवाणू रोग करणारे नव्हेत, तेव्हा त्यांनी कुरकुरत हो म्हटलं. बाटल्या टॅक्सीतून मांडीवर आल्या. दादरच्या माशांच्या दुकानातून काचपेटीत हवा सोडायचा एक जादा पंप आणला. सिलेंडर जिन्यावरून चढवताना समोरच्या काकूंनी "गळला बिळला तर?" म्हणून विचारलं. "सोडावाल्याकडे असतो तसाच आहे, घाबरू नका," मी म्हटलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही काढून त्याच्या टेबलावर सगळा संसार मांडला. बाटल्यांना काळा कागद, नळ्या, पंपाची घरघर, आणि खाली ह्यांच्या अक्षरात पाटी: "हात लावू नये. समुद्र आहे."

आता ह्यांच्याविषयी सांगायला हवं. हे पखवाज वाजवतात. गावच्या जत्रेत दरवर्षी डबलबारी होते. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एक बुवा सवाल टाकतो, दुसरा गाऊन जबाब देतो, आणि पहाटेपर्यंत कोण कोणाला पुरून उरतं ते गाव बघतं. आमच्या मुंबईकर मंडळाची त्यासाठीची तालीम कार्तिक लागला की आमच्याच बाहेरच्या खोलीत. रोज संध्याकाळी पंधरा-वीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, पेटी, पखवाज, झांजा. वर गजर सुरू झाला की माणूस बेंबीच्या देठापासून ओरडतो, त्याला कोरस म्हणतात.

मी ह्यांना म्हटलं, "या वर्षी तालीम दुसरीकडे घ्या."

सूनच आड आली. "असू द्या आई. बाटल्यांना कान नाहीत."

मंडळातले सगळ्यांत मोठे म्हणजे माझे थोरले दीर, ह्यांचे चुलत भाऊ. मी त्यांना भावोजी म्हणते. गिरणीत कार्डिंगला होते. तिथे कापसाचा भुगा हवेत तरंगत असायचा, तो वर्षानुवर्षं छातीत गेला. आता दोन मजले चढायला तीनदा थांबतात. कोरसात उभं राहायला मात्र आजही पुढे. त्यांनी बाटल्या बघितल्या, पाटी वाचली आणि पंपाला चिकटून बैठक मारली.

"मी हंयच बसतंय. कोणाचो पाय लागूक देवचंय नाय."

मग त्यांचं बघून बाकीचेही टेबलाभोवती कोंडाळं करून बसायला लागले. झांजवाला एका बाजूला, पेटीवाला दुसऱ्या. एवढ्याशा खोलीत एकाही माणसाचा धक्का त्या टेबलाला लागला नाही. कोणी चहाचा कप ठेवला नाही, कोणी तपकीर काढली नाही. बुवा तर येता-जाता बाटल्यांना नमस्कार करायचे. दर्यावर ज्यांच्या आज्या-पणज्यांची पोटं भरली, ती माणसं. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

आणि मी काय केलं? आमच्या खिडकीसमोर गिरणीच्या जागेत टॉवर उठतोय, त्याची माती दिवाळीनंतर अशी उडते की, दुपारी पुसलेलं कपाट संध्याकाळी परत पुसावं लागतं. ती धूळ पंपात जाऊ नये म्हणून मी तालमीच्या आधी खिडक्या घट्ट लावून घ्यायचे. फटींना जुन्या साडीच्या पट्ट्यासुद्धा खोचल्या. दारही लोटून घेतलं, शेजारच्या मुलीचं बारावीचं वर्ष म्हणून. स्वतःवर खूश होते मी. म्हटलं, एवढी काळजी तर कॉलेजसुद्धा घेत नसेल.

सून सकाळी उठून पीएच मीटर बाटल्यांत बुडवायची, आकडे उतरवून घ्यायची, थोडं थोडं पाणी काढून बर्फाच्या डब्यातून एका मैत्रिणीच्या कॉलेजात न्यायची. तिथल्या मशीनवर जिवाणूंच्या कात्र्या किती चालतात ते कळायचं. परत यायला तिला रात्र व्हायची, तोवर तालीम संपून खिडक्या उघडलेल्या असायच्या. सकाळचे आकडे अगदी सरळ. पण कात्र्यांचं काहीतरी बिनसलं होतं. आजच्या समुद्राच्या तीन बाटल्या उद्याच्या समुद्रासारखं वागायला लागल्या होत्या. खा खा सुटली होती त्यांना.

"असं कसं होईल?" ती ताटात बोटं फिरवत म्हणायची. "पाणी तेच आहे, हवा तीच आहे."

जेवण तिचं कमी झालं. मी सुरमई केली तर म्हणाली भूक नाही. सुरमईला नाही म्हणणारी माणसं मी फक्त दवाखान्यात पाहिली आहेत. तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

एका संध्याकाळी तिच्या मैत्रिणीचं मशीन बंद पडलं म्हणून ती लवकर परतली. तालीम ऐन रंगात. ती दारातून आत आली, माणसांतून वाट काढत टेबलापाशी गेली आणि सहज म्हणून मीटर बाटलीत बुडवला. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात चहाचा ट्रे घेऊन उभी. तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. दुसऱ्या बाटलीत बुडवला. तिसऱ्या. मग मीटरच बिघडला असेल म्हणून तिनं खात्रीची द्रावणं काढून तो तपासला. मीटर ठणठणीत होता. आकडा खाली आला होता, तिन्ही बाटल्यांत.

मग तिनं नळी हातात धरली आणि बोटांनी चाचपत मागे मागे गेली. बाटलीतून पंपापर्यंत. पंप हवा कुठून ओढतो ते बघायला वाकली. समोर भावोजी मांडी घालून बसलेले, छाती भरून श्वास घेऊन गजरात सोडत होते, पंपापासून हातभर अंतरावर. तिनं मान वर करून खोलीभर पाहिलं. खिडक्या बंद, दार लोटलेलं, वीस माणसं तोंड उघडून गातायत.

ती तिथेच जमिनीवर बसली.

बुवांना वाटलं, पोरगी भजनात रमली. त्यांनी आणखी वरच्या पट्टीत नेलं.

रात्री तिनं सगळं उलगडून सांगितलं. माणूस श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड. बंद खोलीत तो साठत जातो. आजची हवा म्हणून पंप जी ओढत होता, ती आजची नव्हतीच, वीस माणसांच्या छातीतून आलेली होती. रोज संध्याकाळी त्या बाटल्यांचं पाणी आम्लाकडे घसरायचं, रात्री खिडक्या उघडल्या की हळूहळू सावरायचं, आणि सकाळी ही मोजायला जायची तेव्हा सगळं साळसूद.

"कोणाची चूक नाही," ती म्हणाली. "सगळ्यांनी जपलं म्हणूनच झालं. पण माझ्याकडे आता तुलना करायला आजचा समुद्रच उरला नाही. बस झालं आई. मी कंपनीला हो कळवते."

माझं डोकं फिरलं. तिच्यावर फिरलं, ह्यांच्यावर फिरलं, टॉवरवाल्यांवर तर जास्तच. "कळवते म्हणजे? चार वर्षं काय मोदक वळत होतीस? आणि तुम्ही हो! वीस माणसं कोंबून काय बोंबलता? देवाला ऐकू येतं, तो काही टॉवरच्या सतराव्या मजल्यावर राहत नाही!"

हे उठले. पखवाजाला खोळ चढवली, दोरी बांधली आणि पखवाज खाटेखाली सरकवला. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला उलट बोलले असते तरी चाललं असतं. ते गप्प बसले ना, की मला माझाच राग येतो.

दुसऱ्या संध्याकाळी कोणी आलं नाही. ह्यांनी सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. नेहमीच्या वेळेला खोलीत नुसती पंपाची घरघर. सून कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेली, कंपनीला मेल लिहून ठेवलेली पण पाठवलेली नाही. मी तांदूळ निवडत होते, आणि खरं सांगते, मला त्या झांजांची आठवण येत होती. मीच तोंड सोडलं होतं, मलाच करमेना.

तेवढ्यात जिन्यावर तो ओळखीचा आवाज. दोन पायऱ्या, थांबणं, दोन पायऱ्या, थांबणं. भावोजी एकटेच आले. दारात उभे राहून आधी धाप जिरवली, मग सुनेकडे वळले.

"गो बाय, खरा काय ता? आमच्या श्वासान तुझो दर्या नासलो?"

"नासला नाही काका. थोडा आम्लाकडे गेला."

"माझ्यापण श्वासान?"

म्हाताऱ्याला दोष दिल्यासारखं होईल म्हणून ती अडखळली. पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली. ज्याला खरं जाणून घ्यायचंय त्याला पोकळ धीर देणं मला कधी जमलं नाही. मी म्हटलं, "भावोजी, तुमची चंची द्या बघू."

त्यांच्या चंचीतला पानाचा चुना काढला, पेल्यात पाण्यात ढवळला, निवळू दिला, वरचं पाणी फडक्यातून गाळून घेतलं. चुन्याची निवळी, सहावीचा धडा. शहाळ्याची एक नळी घरात होती, ती त्यांच्या हातात दिली. "यात फुंका. सावकाश."

ते फुंकायला लागले. दोनदा खोकला आला, थांबले, परत फुंकलं. स्वच्छ पाणी हळूहळू दुधाळ झालं.

"हा जो पांढरेपणा आला ना, तो तुमच्या श्वासामुळे," मी म्हटलं.

भावोजी पेला उजेडाकडे धरून बघत राहिले. मला वाटलं, आता खट्टू होणार. तर ते हसले. अख्खं तोंड भरून हसले हो!

"डॉक्टर म्हणता, तुझ्या छातीत काय उराक नाय. तेका दाखवूक व्हयो ह्यो पेलो."

सून हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली असेल. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीनं पुसलं, आणि मग पेला आपल्या हातात घेतला. पेल्याकडे बघत विचारलं, "काका, तालीम रोज एकाच वेळेला सुरू होते ना? एकाच वेळेला संपते?"

"मिनिटाचो फरक नाय. बुवांका शिस्त लागता."

"आणि माणसंही तीच असतात?"

"तीच. कोण मरूक नाय अजून."

तिनं कागद ओढला, त्यावर वरखाली जाणारी रेघ काढली आणि मला दाखवली. "आई, किनाऱ्याजवळच्या पाण्याचं असंच होतं. दिवसा शेवाळ, पाणवनस्पती वायू ओढून घेतात. रात्री सगळेच नुसते श्वास सोडतात. पाणी रोज खाली-वर होतं. माहीमच्या खाडीत जाऊन मोजलं तर तिथेही असंच हलतं. मी सारखं एकाच पातळीवर ठेवलेलं पाणी बघत बसले होते. हे रोज हिंदकळणारं पाणी आहे. यातले जिवाणू कसे वागतात, हा वेगळाच प्रश्न झाला."

"मग आजचा समुद्र?"

"तो परत मांडावा लागेल. जिवाणू मैत्रिणीच्या कॉलेजातल्या फ्रीजरमध्ये राखून ठेवलेले आहेत. तीन नव्या बाटल्या, आणि नळी गॅलरीतून बाहेर काढायची." मग ती जरा घाबरत म्हणाली, "पण मंडळाला परत यावं लागेल. रोज, त्याच वेळेला. खिडक्या लावून."

भावोजी मान वर करून म्हणाले, "म्हणजे मी हंयच बसू?"

"तिथेच. हलू नका."

सरांना फोन केला. त्यांनी आधी सगळं दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "मुदत वाढणार नाही. त्यात बसवता येत असेल तर कर. पण प्रत्येक संध्याकाळ मोजलेली पाहिजे." कंपनीला लिहिलेली मेल तिनं त्या रात्री खोडून टाकली. मी उठून सुरमई तळली.

पुढचे आठवडे मजेचे गेले. राखून ठेवलेले जिवाणू आणून नव्या बाटल्या मांडल्या. मंडळी येऊन टेबलाभोवती बसली, पण पहिल्या दिवशी कोणाचा आवाजच फुटेना. श्वास मोजतायत म्हटल्यावर माणूस श्वास घ्यायलासुद्धा लाजतो. बुवा वैतागले, "अरे बारी आहे की मौनव्रत?" सून मीटर धरून उभी, तिनं सांगितलं, "काका, नेहमीसारखं गा. कमी गायलात तर माझं गणित चुकेल." मग काय! त्या वर्षीच्या तालमीला जो जोर चढला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. समोरच्या काकू येऊन विचारून गेल्या, भजन आहे की भांडण.

बाटल्यांतून काय निघालं ते माझ्या कुवतीप्रमाणे सांगते. सतत आम्लात राहिलेले जिवाणू अधाशासारखे खात होते, पण त्या मानानं वाढत नव्हते, खाल्लेलं कुठेतरी खर्च होत होतं. संध्याकाळी आम्ल आणि सकाळी साधं पाणी अशी सवय लागलेले आमचे तीन बाटल्यांतले जीव खाण्यात त्यांच्याइतकेच पुढे, पण शेवटी सगळ्यांना जास्त आम्लाच्या पाण्यात टाकलं तेव्हा ते इतरांपेक्षा कमी कोलमडले. निदान तिच्या बाटल्यांत तरी असं झालं. खऱ्या समुद्रात काय होईल ते आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, असं ती दर वेळी बजावते. मला तिचं ते बजावणंही आवडतं.

प्रबंध मुदतीत गेला. वर्षभरानं तोंडी परीक्षेची तारीख लागली. ती सगळ्यांसमोर असते, कोणीही जाऊन बसू शकतं. हे तिनं एकदा जेवताना सहज बोलून दाखवलं, आणि हे तिचं चुकलंच म्हणायचं. त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये पांढरे लेंगे, पांढऱ्या टोप्या, अख्खं मंडळ हजर. भावोजींना दोघांनी धरून आणलं होतं. तोवर त्यांची छाती आणखी खालावली होती.

परीक्षक परराज्यातले, मराठीचा गंध नाही. सगळं इंग्रजीत. सुनेनं पडद्यावर एक एक चित्र लावत छान समजावलं. मग त्या वरखाली रेघेचं चित्र आलं आणि परीक्षकांनी चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, हे चढउतार कशामुळे? ही हवा तुम्ही कुठून आणली? आवाज करडा होता. सुनेनं हात उचलून सरळ मागच्या रांगांकडे बोट दाखवलं.

सगळा हॉल मागे वळला.

मंडळातल्या कोणाला इंग्रजीचा शब्द कळला नव्हता. कळलं ते एवढंच, की साहेब रागात आहे आणि पोरीनं आपल्याकडे बोट केलंय. भावोजी पुढच्या खुर्चीला धरून उठले. उठण्यातच त्यांचा दम गेला. हात जोडले, आणि एकेक शब्द श्वासानं ओढून काढत म्हणाले,

"साहेबानू, चूक चेडवाची नाय. श्वास आमचो होतो. तिका नापास करू नकात."

परीक्षकांनी सुनेला विचारलं, ते काय म्हणतायत? तिनं तोंड उघडलं पण शब्द फुटेना. सरांनी खाली बघितलं. मग मी उठले. मला कोणी विचारलं नव्हतं, पण पोरं अडली की मी उठतेच. शाळेतल्या इंग्रजीत त्यांना ठणठणीत सांगितलं, की हे गृहस्थ म्हणतायत, श्वास त्यांचा होता, मुलीची चूक नाही, तिला नापास करू नका.

परीक्षकांनी चष्मा परत नाकावर आणला. मग इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलले. आपण दोष काढण्यासाठी विचारलं नव्हतं, प्रबंधातला हाच भाग आपल्याला सगळ्यांत आवडला, पण निकाल समितीचा असतो, तो आत्ता सांगता येणार नाही, वगैरे वगैरे. बोलून झाल्यावर म्हणाले, त्यांना हे सांगा.

भावोजी अजून उभेच होते. हात जोडलेले, छाती धपापत असलेली, डोळे माझ्या तोंडाकडे. एवढं सगळं ऐकेपर्यंत त्यांना उभं राहवलं नसतं.

मी म्हटलं, "भावोजी, साहेब म्हणतायत, बसा. पोरगी पास आहे."

ते बसले. सरांनी रुमालाआड तोंड लपवलं. खरा निकाल अर्ध्या तासानं लागला, आणि माझ्या भाषांतरात चूक निघाली नाही.